गवत किती ठेवायचं

मासळीबाजारामागचं हे उद्यान, बासष्ट बाय अठ्ठेचाळीस मीटर.
उम्म अल कुवैनच्या नकाशावर
करंगळीच्या नखाखाली झाकून जाईल एवढं.
मला त्याचं वाळवंट त्याला परत करायचं आहे.
कंत्राटात हेच जरा बऱ्या शब्दांत लिहिलंय.

पहिल्या आठवड्यात नुसती मोजणी.
गवत दोन हजार चौरस मीटर.
ते जगवायला उन्हाळ्यात रोज पंचवीस हजार लिटर पाणी,
तेही शहराच्या मोऱ्यांतून गाळून आणलेलं;
फवारे सुटले की बाकावरची माणसं
बोलता बोलता नाकाला रुमाल लावतात.
कोनोकार्पस एकशे चौदा,
कुंपणाला लागून, प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरांसारखे.
मुळं पाइपात. पाइप दोनदा फुटलेला.
शेरा : काढणे.
ईशान्य कोपऱ्यात वेडी बाभूळ.
तिला इथं बघून मी चक्क हसलो.
आमच्या दहिवडीच्या ओढ्यात हिचंच राज्य.
बाई, तू कोणत्या व्हिसावर आलीस?
शेरा : मुळासकट काढणे.

मग मौझाबाई आल्या, नगरपालिकेच्या इंजिनियर,
कागदाला बोट न लावता वाचणाऱ्या.
गाफ किती?
नऊ, म्हणालो. नर्सरीतले.
नऊ खड्डे लाल शाईने काढलेले होते.

गाफ म्हणजे आपली शमी.
दसऱ्याला जिच्यापुढे हात जोडायचे,
जिच्या ढोलीत पांडवांनी शस्त्रं ठेवली,
ती इथं वाळूत पाय सोडून कधीची उभी.
अंदाजपत्रकात यातलं काही मावत नाही.
तिथे फक्त : नग नऊ, उंची दोन मीटर.

मोफिजुल कात्री पुसत उभा होता.
भोल्याचा. घर दोनदा नदीत गेलेलं.
चौदा वर्षं इथलं गवत कापतोय.
साहेब, म्हणाला, एक तर आहेच.

झोपाळ्यामागे नेऊन त्याने गवत बाजूला केलं.
बोटभर, काटेरी, शेंडा सपाट छाटलेला.
दर पंधरवड्याला मशीन यावरून जातं.
दर पंधरवड्याला हे वर येतं.
मी आलो तेव्हापासून.

मौझाबाई वाकल्या, अबायाची कड ओल्या मातीत.
त्यांच्या मामाच्या बकऱ्या इथंच कुठेतरी
एका गाफखाली बांधलेल्या असत म्हणे.
तो कधी तोडला, कुणाला आठवत नाही.
हे त्याचंच मूळ कशावरून?
खणून बघू? मोफिजुल म्हणाला.
नको, आम्ही दोघंही एकदम.

रात्री एक लाल खड्डा खोडला
आणि झोपाळ्यामागे एक रिकामं वर्तुळ काढून
बाजूला सूचना लिहिली : इथे काही करू नये.
इतकी वर्षं आराखडे काढतोय,
हे वाक्य पहिल्यांदाच लिहिलं.

राहिलं गवत.
ते शून्य करायचं ठरलेलंच होतं.
मार्चमधल्या एका शुक्रवारी दुपारी फेरमोजणीला गेलो
तर टेप उघडायला जागा नाही.
चव्वेचाळीस माणसं आडवी, चपला उशाला.
एकजण फोन जमिनीशी धरून
कुण्या लेकराला गवत दाखवत होता : हे बघ, हिरवं.
सावली कोनोकार्पसचीच.

झोपलेल्या माणसाला दोन चौरस मीटर लागतात,
कूस बदलायला आणखी अर्धा.
मी तिथेच उकिडवा बसून हिशेब मांडला.
कोनोकार्पसच्या 'काढणे'मागे 'टप्प्याटप्प्याने' घातलं,
आधी गाफ खांद्याएवढे होऊ देत.
गवत : एकशे दहा.

कारणाचा रकाना उरला.
तिथे काहीतरी निसर्गाचं लिहावं लागतं,
नाहीतर वरून फाइल परत येते.
मी लिहिलं, टिटवी.

खोटं नाही ते.
एक होतीच तिथे,
झोपलेल्यांच्या पायांमधून
एकेक पाऊल उचलून टाकत,
कुणाला न उठवता.